खालीची मात्रा

अट एकच होती: काहीही झालं तरी माझा शब्द तू बोलायचा नाहीस.

ही अट माझ्या मुलीनं मला जर्मनीत, बॉबलिंगेनमधल्या एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये घातली, गाडी सुरूच ठेवून. ती ड्रायव्हरच्या सीटवर होती आणि मी शेजारी. इथे सतराव्या वर्षी लायसन मिळतं, पण अठरा पूर्ण होईपर्यंत शेजारी एक मोठं माणूस बसलेलं असावं लागतं, त्याचं नाव कागदावर नोंदवून. आमच्या घरात ते मोठं माणूस मी. या माणसानं स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हँडब्रेक ओढायचा नाही, नुसतं बसायचं. मी गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर आहे. गाडी कधी आणि कशी थांबावी याचा विचार करण्याचाच मला पगार मिळतो. मला नुसतं बस म्हणणं म्हणजे सुगरणीला दुसरीच्या स्वयंपाकघरात हात बांधून उभं करणं.

त्यात भर म्हणजे इथली शेजारची सीट उजवीकडे, आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो तिथे. इथे येऊन अठरा वर्षं झाली, तरी उजवीकडे बसलो की माझा पाय आपोआप ब्रेक शोधतो. पायाखालच्या मॅटला त्या जागी आता भोक पडायला आलं आहे.

‘प्रॉमिस कर,’ ती जर्मनमध्ये म्हणाली. ती माझ्याशी जर्मनमध्येच बोलते. मी मराठीत बोलतो आणि आमचं व्यवस्थित भांडण होतं.

‘केलं,’ मी म्हणालो.

मी हे इतक्या पटकन म्हणालो की तिनं मान वळवून माझ्याकडे संशयानं पाहिलं. पटकन बोलणं हाच तर माझा रोग होता.

माझी मुलगी बोलताना अडखळते. पाच वर्षांची असल्यापासून. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांवर येतं आणि तिथेच रुतून बसतं. ती डोळे मिटत नाही, मान हलवत नाही, नुसती त्या अक्षरावर उभी राहते. कधी दोन सेकंद, कधी आठ-दहा. ऐकणाऱ्याला दहा सेकंद म्हणजे किती मोठा काळ असतो हे ज्याच्यावर वेळ आली आहे त्यालाच कळतं. बेकरीत मागे रांग असते, बसचा ड्रायव्हर खोळंबलेला असतो. मग मी तिचा शब्द पूर्ण करून टाकतो. एवढंच. बारा वर्षं मी तिचे शब्द पूर्ण करत आलो होतो आणि याला मी बापाची माया समजत होतो.

सुरुवातीला पुण्याहून सल्ले आले. दोन भाषांचा गोंधळ होतोय तिचा, एकच बोला तिच्याशी. एका मावशीनं तर व्हिडिओ कॉलवर तिच्या तोंडावरच विचारलं, ‘अजून तोतरीच बोलते का गं?’ इथल्या थेरपिस्ट बाई सांगत होत्या की भाषांचा आणि याचा काही संबंध नाही. पण मी घाबरलो. घरातलं मराठी मी स्वतः बंद केलं. वर्षभरानं पुन्हा सुरू केलं तोपर्यंत उशीर झाला होता. तिला सगळं समजतं, पण तिच्या तोंडात मराठी शब्द उरला तो एकच. बाबा. भर जर्मन वाक्यातसुद्धा ती मला बाबाच म्हणते, आणि तिच्या वर्गातल्या मुलीही मला ‘हेर बाबा’, म्हणजे श्रीयुत बाबा, म्हणतात. मला ते आवडतं.

आता डू-वॉप आमच्या घरात कसं शिरलं ते सांगतो, कारण त्याशिवाय ती पार्किंगमधली अट समजणार नाही.

डू-वॉप म्हणजे अमेरिकेतल्या शहरांमधल्या गरीब, बहुतेक काळ्या मुलांनी नाक्यानाक्यावर उभं केलेलं गाणं. वाद्यं घ्यायला पैसे नव्हते म्हणून त्यांनी वाद्यं तोंडानं वाजवली. एक जण पुढे गाणार, बाकीचे मागे ‘शू-डू’, ‘वा-वा’ करणार, आणि सगळ्यांच्या तळाशी एक जण बेसमध्ये ‘बम बम’ करत इमारतीचा पाया धरून ठेवणार. आवाज घुमावा म्हणून ही मुलं जिन्यांत आणि पुलांखाली उभी राहायची. सत्तर वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पण आजही प्रेमाचं एखादं संथ गाणं कानावर पडलं आणि मागे कुणी ‘ऊ’ करत असलं, की ती मुलं तिथे उभी आहेतच असं समजावं. माझ्या लहानपणच्या हिंदी गाण्यांत नायिकेमागे ‘डू-डू’ करणारा जो कोरस असायचा, तोही कुठून आला हे मला या वयात, जर्मनीत समजलं.

मुलीच्या शाळेतले संगीताचे शिक्षक याच भागात वाढलेले, निवृत्तीला आलेले. गावाबाहेर अमेरिकन सैनिकांची छावणी आहे. लहानपणी त्यांची थोरली बहीण त्या सैनिकांसाठी लागणारा रेडिओ ऐकायची आणि हे पलंगाखाली लपून ऐकायचे. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण ‘शू-डू’ कळायला इंग्रजी कुठे लागतं? वर्गातल्या मुलींना मात्र हे गाणं मोबाइलवर सापडलं होतं, वीस सेकंदांच्या कुठल्याशा तुकड्यात. पलंगाखालचा मुलगा आणि मोबाइलवरच्या मुली एकाच गाण्यापाशी येऊन भेटले होते.

माझ्या मुलीनं मात्र ते वेगळ्याच कारणानं पकडलं. एका दुपारी ती कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. त्यावर गाण्याच्या मागच्या ओळी लिहिल्या होत्या. बा-बा-बा-बम. श-श-श-बूम. द-द-दी. ती हसत होती. म्हणाली, ‘बाबा, हे लोक मुद्दाम अडखळतात. आणि लोक टाळ्या वाजवतात.’

गाताना ती कधीच अडखळत नाही. अशा बहुतेकांचं तसंच असतं म्हणे. पण हे गाणं शाळेच्या संगीताच्या परीक्षेसाठी होतं, आणि परीक्षेत नुसतं गाऊन भागत नव्हतं. गाण्याआधी स्टेजवर उभं राहून पाच मिनिटं त्याची माहिती सांगायची, मग सगळ्यांची ओळख करून द्यायची, आणि मग गायचं. चार मुलींचा गट. बोलण्याचं काम वाटून घेता आलं असतं. हिनं ते सगळं स्वतःकडे घेतलं. ‘मला बोलायचं आहे,’ एवढंच म्हणाली. दहावीपासून वर्गात तिनं हात वर केला नव्हता, हे मला पालकसभेत कळलं होतं.

बेस गाणारा एक वर्गमित्र होता, त्याचे आईवडील हॅम्बुर्गला गेले आणि त्याला घेऊन गेले. बाहेरचा साथीदार घ्यायला परवानगी होती. शिक्षकांनी पालकसभेत माझा आवाज ऐकला होता. पार्किंगच्या जागेवरून मी जरा तावातावानं बोललो होतो. ‘आल्झो, चला तर,’ ते म्हणाले, ‘बेस मिळाला.’ मुलीनं दोन दिवस विचार केला आणि नाइलाजानं मला विचारलं. मी हो म्हटलं ते तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच.

पहिल्या तालमीला माझं हसं झालं. लहानपणी चिंचवडला मी सहा वर्षं तबला शिकलो आहे. आमचे सर म्हणायचे, बोल आधी तोंडात, मग हातात. त्यामुळे ‘बा-बा-बा-बम’ मला परकं वाटलंच नाही. तोंडानं वाजवणं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत. गाण्याचा ठेकाही ऐकला आणि म्हटलं, हा तर दादरा. सहा मात्रांचा. पहिलीवर सम, चौथीवर खाली. माझा हात आपोआप ताल देऊ लागला: समेला टाळी, खालीला तळवा उलटा करून बाजूला. आणि मी तळवा उलटा केला की चारही मुली गायच्या थांबत.

तीनदा असं झालं. मला वाटलं यांना ताल जमत नाही. त्यांना वाटलं मी थांबा म्हणतोय. इथे कॉयरमध्ये हात असा बाजूला गेला की आवाज तोडायचा असतो. मी समजावून सांगितलं की ही खाली आहे, इथे टाळी नाही पण मात्रा आहे, मोजायची पण वाजवायची नाही. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या, कारण नेमक्या त्याच मात्रेवर त्या चुटकी वाजवत होत्या. आमची मोकळी जागा ती त्यांची भरलेली. शिक्षक खूश होऊन ‘गेनाऊ, गेनाऊ’, अगदी बरोबर, असं करत होते. माझी मुलगी जमिनीकडे पाहत होती. ‘बाबा, हात खिशात घाल,’ ती म्हणाली.

मी हात खिशात घातला. पण तोंड खिशात घालता येत नाही.

दुसऱ्या तालमीला ती माहितीचा भाग बोलून पाहत होती. पुलांखाली गाणाऱ्या मुलांपर्यंत आली आणि ‘ब्रुकं’ म्हणजे पूल या शब्दावर अडकली. ब, ब, ब. मुली कागदात पाहू लागल्या. आणि मला एकदम सुचलं. गाणं बेसनंच सुरू होतं, ‘बा-बा-बा-बम’. मी तिच्या त्या ‘ब’वरच सूर धरला आणि गाणं सुरू केलं. बाकीच्या तिघी हसून आत आल्या. काय बसलं होतं म्हणून सांगू! शिक्षकांनी टाळी वाजवली. ‘गेनियाल! हे असंच ठेवूया. लोकांना वाटेल मुद्दामच केलंय.’

मी विजयी मुद्रेनं मुलीकडे पाहिलं. ती जॅकेट घालत होती.

गाडीत बसल्यावर तिनं काही बोलायच्या आत मी बोलून घेतलं. तुला सोडवायचं म्हणून केलं, लोकांना कळलंही नसतं, शिक्षकांना किती आवडलं. ती चालवत राहिली. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये वळली आणि दोन जागा अडवून गाडी उभी केली.

‘मी बोलत होते,’ ती म्हणाली. ‘मी गात नव्हते. मी बोलत होते.’

मग तिनं मला आइस्क्रीमची गोष्ट सांगितली. ती लहान असताना आम्ही दर रविवारी मार्क्टप्लाट्झजवळच्या इटालियन दुकानात जायचो. ती काचेसमोर उभी राहून ‘म, म’ करायची आणि मी अभिमानानं सांगायचो, ‘मँगो!’ पोरगी जर्मनीत जन्मली तरी रक्त कोकणातलं, असं मी बायकोला दर वेळी ऐकवायचो.

‘मला मेलोनं हवं असायचं,’ ती म्हणाली. मेलोनं म्हणजे खरबूज.

‘मग सांगायचं नाहीस का?’

‘तू सांगून मोकळा झालेला असायचास. आणि आइस्क्रीम हातात आलेलं असायचं.’

‘किती वर्षं?’

ती हसली नाही. ‘तू बरोबर यायचास तेवढी वर्षं.’

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी समोरच्या ट्रॉल्यांच्या रांगेकडे पाहत बसलो. मग तिनं ती अट घातली आणि मी शब्द दिला. तेव्हा मी मनापासूनच दिला होता.

पण भीती आपलं काम करत असते. मला स्टेज दिसत होतं, दीडशे माणसं दिसत होती, पुढे परीक्षक आणि मध्ये माझी मुलगी एका अक्षरावर उभी. इथल्या शाळांत अशा मुलांसाठी सवलतीचा अर्ज असतो. तो मंजूर झाला की बोलण्याऐवजी रेकॉर्डिंग देता येतं. मी तो अर्ज शोधला, तिची सगळी माहिती भरली, थेरपिस्ट बाईंचं जुनं पत्र जोडलं. फक्त सही तिची हवी होती. मी स्वतःला समजावलं की मी तिचा शब्द कुठे बोलतोय? मी तर फॉर्म भरतोय.

तो फॉर्म तिला प्रिंटरवर सापडला.

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती कागद घेऊन आली, जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, ‘आम्ही बेसशिवाय गाऊ.’

‘तळ जाईल गाण्याचा,’ मी म्हणालो.

‘जाऊ दे.’

बायकोनं हातातली पोळी तशीच तव्यावर सोडली. ‘अरे, तू जरा गप्प बसशील का? परीक्षा तिची आहे, तारीख तिची आहे, तोंड तिचं आहे. तुझं काय आहे त्यात?’

‘मला बघवत नाही,’ मी म्हणालो. हे खरं होतं आणि मी ते पहिल्यांदाच बोललो. ‘ती अडकली की मला बघवत नाही.’

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. ‘मला माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘मी अडकते तेव्हा मला सगळ्यात आधी तुझाच चेहरा दिसतो.’

पोळी करपली. कुणी उठलं नाही.

चार दिवस ती तालमीला एकटी, बसनं गेली. पाचव्या दिवशी तिनं किल्ल्या माझ्यासमोर धरल्या आणि दाराशी उभी राहिली. मी बूट घातले. गाडीत ती म्हणाली की बेसशिवाय गाण्याचा तळ खरंच जातोय आणि ते तिला चालणार नाही. अट तीच आहे. या वेळी मी पटकन काही म्हणालो नाही. सिग्नल सुटेपर्यंत थांबलो आणि मग हो म्हटलं.

उरलेल्या दहा दिवसांत मी एकच गोष्ट शिकत होतो, ती म्हणजे गप्प राहणं. ऑफिसातसुद्धा. मीटिंगमध्ये कुणी शब्द शोधत असलं की मी तो पुरवायचो, ही माझी ख्याती होती. आता मी टेबलाखाली बोटं मोजत बसायचो. एकदा एक चेक सहकारी वाक्याच्या मध्ये इतका वेळ थांबला की मला घाम फुटला. शेवटी त्यानं जे सांगितलं ते मी सांगणार होतो त्याच्या बरोबर उलट होतं. हे मी घरी कुणालाही सांगितलं नाही.

परीक्षा शनिवारी दुपारी होती. शाळेचं सभागृह, लाकडी स्टेज, खुर्च्यांवर पालक आणि बरीचशी शाळा. पहिल्या रांगेत तीन परीक्षक, त्यातल्या एक बाई बाहेरच्या शाळेतून आलेल्या, त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं. आमचे शिक्षक स्टेजच्या कडेला पडद्यापाशी. बायको चौथ्या रांगेत, पर्स दोन्ही हातांनी धरून. मी मागच्या ओळीत, तीन मुलींच्या शेजारी, पांढऱ्या शर्टात. मुलगी पुढे, आमच्याकडे पाठ करून.

ती बोलायला लागली. पहिल्या मिनिटाला दोनदा अडकली आणि दोन्ही वेळा सुटली. लोकांना कळलं. सभागृहात ती एक विशिष्ट शांतता पसरली, लोक अंग आवळून सौजन्यानं बसतात ना, तशी. मला तिची फक्त पाठ दिसत होती. अडकली की तिचा उजवा खांदा किंचित वर जायचा आणि शब्द सुटला की खाली. मी त्या खांद्याकडे बघत होतो. नाके आले, जिने आले, वाद्यं नसलेली मुलं आली. पुलाजवळ आली तेव्हा माझी नखं तळहातात रुतली होती. ‘ब्रुकं’. खांदा वर गेला. तीन सेकंद. खांदा खाली. पूल ओलांडला!

मग ओळख. पहिल्या मुलीचं नाव, दुसरीचं, तिसरीचं. प्रत्येकीला टाळ्या. मी शेवटचा होतो. माझी ओळख झाली की टाळ्या थांबायच्या आणि लगेच मी एकट्यानं ‘बा-बा-बा-बम’ सुरू करायचं, असं ठरलेलं होतं.

‘उंड डेन बास सिंग्ट माइन,’ ती म्हणाली. आणि बेस गातो माझा. पुढचा शब्द ‘ब’.

ब.

खांदा वर गेला आणि वरच राहिला. ब, ब. मला अर्थातच शब्द माहीत होता. सगळ्या मुलींना माहीत होता. तिच्याजवळचा एकुलता एक मराठी शब्द होता तो. ब, ब, ब. पाच सेकंद झाले असतील. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. वाईट हसू नव्हतं, त्याला वाटलं गाणं सुरू झालं. त्याच्या मागे दोघा-तिघांनी तिच्या ‘ब’वर टाळ्या धरल्या, इथले लोक धरतात तशा, नेमक्या समेवर. आता तर ते गाण्यासारखंच वाटू लागलं. पडद्यापाशी शिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, भुवया उंचावल्या आणि हातानं खूण केली. ये, आत ये. शेजारच्या मुलीनं श्वास भरून घेतला. घड्याळवाल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

मी तोंड उघडलं असतं तर सगळं सुटलं असतं. सूर माझ्या घशात तयार होता. एका ‘बा’नं सभागृह हसलं असतं, टाळ्या पडल्या असत्या, कुणाला काही कळलं नसतं. आणि माझ्या मुलीनं पुन्हा कधी हात वर केला नसता. हे मला तिथे उभ्या उभ्या स्पष्ट कळलं. उजव्या पायानं मी स्टेज दाबून धरलं होतं.

माझा हात वर आला. ते मी ठरवून केलं नाही. तळवा उलटा झाला आणि बाजूला गेला. खाली.

शेजारच्या तिन्ही मुली थांबल्या. पहिल्या दिवशी थांबल्या होत्या तशाच, जागच्या जागी, भरलेला श्वास सोडून. समोर टाळ्या धरणाऱ्यांनी माझा हात पाहिला आणि तेही थांबले. शिक्षकांची खूण अर्ध्यावर राहिली. सगळं सभागृह गप्प झालं. मुलीला माझा हात दिसत नव्हता. ती तिच्या अक्षरावर उभी होती आणि मी तिच्या मागे मोजत होतो. मोजायचं पण वाजवायचं नाही. चार. पाच. सहा. पुन्हा एक. बायकोनं डोळे मिटून घेतले होते. ब. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. दोन. तीन.

‘बायफारर,’ ती म्हणाली.

खांदा खाली आला.

बायफारर. गाडीत शेजारच्या सीटवर बसणारा. तिनं पुरं वाक्य पुन्हा एकदा, एका दमात म्हटलं, बहुतेक तिलाच ऐकायचं होतं: आणि बेस गातो माझा बायफारर. सभागृहात हशा पिकला. मनमोकळा हशा, कारण सतरा-अठरा वर्षांच्या पोरांचे सगळे आईबाप तिथे होते, आणि प्रत्येक जण त्या सीटवर बसून पायाखालची मॅट दाबत आलेला होता. ती हसू ओसरेपर्यंत थांबली. थांबणं तिला माझ्यापेक्षा फार चांगलं जमतं.

मला मात्र तो शब्द ऐकून काही सुचेचना. मी ‘बाबा’ धरून बसलो होतो. एवढी ‘ब’ची वाट पाहिली, आणि माझी स्वतःची जागा आली तेव्हा मी तोंड उघडं टाकून उभा. दोन मात्रा गेल्या, तीन गेल्या. शेवटी तिनं मागे वळून पाहिलं. माझा चेहरा कसा होता कोण जाणे. ती खुदकन हसली, आणि बोटांनी मोजून मला आत घेतलं. एक, दोन, तीन. बा-बा-बा-बम. थोडा खालीच लागला सूर. मुलींनी तो तिथून उचलून घेतला आणि गाणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी ती म्हणाली, आइस्क्रीम खायला जाऊ. गाडी तिनं चालवली. ते इटालियन दुकान अजून तिथेच आहे आणि मालकही तेच आहेत, फक्त केस पांढरे झाले आहेत. ती काचेसमोर उभी राहिली. मागे सात-आठ माणसांची रांग.

‘म,’ ती म्हणाली. ‘म.’

मालकांनी जुन्या सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरची किमतींची पाटी वाचायला लागलो, वरपासून खालपर्यंत, मग खालपासून वर. मागे कुणीतरी पाय बदलला. मी पाटी तिसऱ्यांदा वाचली. मनातल्या मनात तिच्यासाठी ‘मेलोनं’ म्हणून मी केव्हाच मोकळा झालो होतो.

‘मँगो,’ ती म्हणाली.